शिरीषाची पाटी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली की टाळणं अंगवळणी पडून गेलं. दर उन्हाळ्यात बहावा पिवळा झाला की वाटायचं, यंदा लिहून टाकू. मग आंबे यायचे, नातवंडं यायची, आणि राहून जायचं. आता वय असं झालंय की पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून आधीच सरळ सांगून टाकतो. हैदराबादच्या एका सरकारी वनस्पती उद्यानात मी नोकरीला होतो. तिथं माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मी माझ्या मित्राच्या अंगावर ढकलली. त्यानं ती घेतली. त्यानंतरही तो माझा मित्र राहिला, आणि त्याच्याबरोबर त्या बागेत एक सकाळ मी चाललो. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळी मोजायच्या झाल्या, तर ती पहिल्या दोन-तीनांत येईल. सगळ्यात जास्त लाज वाटावी अशी सकाळही तीच.

आमचं मूळ गाव नांदेडकडचं, घराणं शेतकऱ्याचं. वडील निजामाच्या वेळी शिक्षणासाठी हैदराबादला आले आणि सुलतान बाजारच्या मागे भाड्याच्या घरात राहिले ते कायमचेच. मी वनस्पतिशास्त्र शिकलो आणि उद्यानात सहायक म्हणून लागलो. पुस्तकातली झाडं मला येत होती. वाळवून कागदावर चिकटवलेलं पान दाखवलं तर कूळ, जात सगळं सांगायचो. उभं झाड मात्र मला नीट ओळखता यायचं नाही, हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

ते ज्याला पहिल्याच महिन्यात कळलं, तो माझा मित्र. उद्यानात तो पेंटर होता. त्याआधी सुलतान बाजारातल्या कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. उर्दू, तेलुगू, इंग्रजी, देवनागरी, कुठलंही अक्षर त्याच्या कुंचल्यातून असं उतरायचं की छापल्यासारखं दिसावं. वाचता मात्र त्याला फक्त उर्दू यायचं, थोडं तेलुगू. बाकीची अक्षरं तो चित्र काढावं तशी काढायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत, मीही म्हणायचो. मराठा माणूस दिसला की तो त्याला पटेल म्हणायचा. आमच्या घरात पाटीलकी कधीच नव्हती, हे मी त्याला दहा वेळा तरी सांगितलं असेल.

"नईं थी तो क्या हुआ पटेल," तो म्हणायचा, "चाल तो वैसीच है. काम कम, फिरना जास्ती."

पहिल्या महिन्यात एकदा मी करंजाकडे बघत उभा होतो आणि हातातल्या पुस्तकात काहीतरी शोधत होतो. तो मागून आला, करंजाचं एक पान तोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "किताब बाद में. पैले इसकू मसलको सूंगो." त्या दिवसापासून मी झाडं हातानं आणि नाकानं शिकलो. मोहाची फुलं पहाटे पडतात आणि दुपारपर्यंत त्यांचा वास बदलतो, अर्जुनाची साल हाताला गार लागते, बेहड्याखाली माकडं का बसतात, हे सगळं त्याचं. पुढे मी लोकांना व्याख्यानं दिली, शाळांच्या सहली फिरवल्या. त्यात माझं स्वतःचं असं फार थोडं होतं.

त्याच्या कामाची एक पद्धत होती, ती इथं सांगायला हवी. झाडाला नावाची पाटी लावताना तो खिळा कधी मारायचा नाही. तार गुंडाळायचा, आणि खोड आणि तार यांच्यात दोन बोटं जातील एवढी जागा ठेवायचा. मागच्या बाजूला तारेचे चार-पाच वेढे शिल्लक असायचे. दर उन्हाळ्यात तो पक्कड घेऊन सगळी बाग फिरायचा आणि प्रत्येक तारेचा एक-दोन वेढा सोडायचा, कारण खोड जाड होत असतं. "झाड बढता जी," तो म्हणायचा. "ढील नईं दी तो तार अंदर घुस जाती. फिर नाव रैता, झाड मरता." वर्षातून एकदा तार ढिली करायची हा नियम कुठल्या सरकारी कागदावर नव्हता. तो त्याचा होता.

नव्वद सालानंतर शहर बदलायला लागलं. परदेशी कंपन्यांची माणसं यायला लागली, आणि त्यांना दाखवायला शहरात काय काय आहे याची वरून विचारणा सुरू झाली. आमच्या उद्यानाचंही नाव त्यात लागलं. हुकूम आला की सगळ्या झाडांना नव्या पाट्या लावा, इंग्रजी अक्षरांत शास्त्रीय नावं लिहून. जुन्या पाट्यांवर तेलुगू आणि उर्दूतलीही नावं होती. ती गेली. पाहुण्यांना ती वाचता येणार नाहीत, असं साहेब म्हणाले.

यादी करायचं काम माझं होतं. प्रत्येक वाफा, प्रत्येक रांग फिरून झाडं बघायची आणि क्रमानं नावं लिहायची. बाकी सगळी बाग मी फिरलो. शेवटची रांग राहिली, विहिरीकडे जाणाऱ्या वाटेची. त्याच सुमारास माझ्या बढतीची मुलाखत होती आणि मी तिच्या तयारीत होतो. त्या रांगेसाठी मी कचेरीतला जुना नकाशा काढला आणि खुर्चीत बसून नावं उतरवली. नकाशात पहिलं झाड शिरीष होतं. तो शिरीष दोन वर्षांपूर्वीच वावटळीत पडला होता. मला ते माहीत होतं. त्याचं लाकूड तोडून नेताना मीच सही केली होती. पण नकाशात तो उभा होता, आणि लिहिताना मी नकाशाकडे बघत होतो.

त्या रांगेत अकरा झाडं होती. माझ्या यादीत बारा नावं झाली.

उस्तादनं शेडमध्ये बसून पाट्या रंगवल्या. हिरवी जमीन, पिवळी अक्षरं. मग यादीच्या क्रमानं बांधत गेला. त्या दिवशी दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. हातात एक पाटी होती, यादीतल्या शेवटच्या झाडाची, कैलासपतीची.

"पटेल, ये एक बच गई."

"बच गई तो स्टोर में रखो. एखादं लहान झाड मेलं असेल."

तो गेला नाही. "और एक बात है. करंज कू जो तख्ती आई ना, वो हर्फां मैं पैले बी लिखा. दरवाजे के बाजू की इमली कू वोइच लिखा था. करंज कू इमली का नाव कैसा आएगा?"

त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं अक्षरांचा आकार ओळखला होता. माझ्यासमोर मुलाखतीचे कागद होते आणि मला त्या प्रश्नाचा राग आला. आज कबूल करतो की तो बरोबर असेल, असं मला त्या क्षणीच वाटलं होतं. म्हणूनच राग आला.

"लिस्ट में जैसा है वैसा बांधो, उस्ताद," मी म्हणालो. "झाडां के नावां मेरेकू नक्को सिखाओ."

झाडांची नावं मला त्यानंच शिकवली होती. तो माझ्याकडे बघून नुसता "हौ" म्हणाला आणि गेला.

पाहुणे एप्रिलच्या शेवटी आले. बहावा ऐन फुलात होता. शिरीष पडल्यामुळे आता तोच रांगेतला पहिला होता, आणि त्याच्यावर उस्तादच्या सुंदर अक्षरांत शिरीषाचं नाव होतं. शेजारच्या चिंचेवर बहाव्याचं. करंजावर चिंचेचं. असं शेवटपर्यंत, प्रत्येक झाड शेजाऱ्याचं नाव लावून उभं. पाहुण्यांत एक वयस्क बाई होत्या, त्यांना झाडांची हौस होती. त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. पण आमच्या साहेबांबरोबर मंत्रालयातली माणसं होती, आणि ती हसली नाहीत.

संध्याकाळी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. चूक कुणाची, एवढंच त्यांना हवं होतं. मी टेबलाजवळ उभा होतो, उस्ताद दाराशी.

मी म्हणालो, "सर, यादी बरोबर आहे. बांधताना क्रम चुकला असावा."

हे वाक्य मी शब्दशः लिहितो आहे. 'असावा' म्हणालो, 'चुकला' म्हणालो नाही. तेवढी पळवाट मी स्वतःसाठी ठेवली होती. साहेबांनी यादी बघायला मागितली असती तर सगळं उघड झालं असतं. त्यांनी मागितली नाही. ते दाराकडे वळले.

उस्तादनं माझ्याकडे एकदाच बघितलं. "हौ साब," तो म्हणाला, "गिनती में चूक हुई होंगी मेरेसे."

साहेब त्याला काढूनच टाकणार होते. मी मध्ये पडलो. जुना माणूस आहे, हात चांगला आहे, एक संधी द्या, असं म्हणालो. साहेबांनी नोकरी ठेवली, पण त्याच्या फाईलमध्ये शेरा गेला: कामात निष्काळजीपणा, नामफलकांचे काम पुन्हा देऊ नये. त्याला रोपवाटिकेत टाकलं, पिशव्यांत माती भरायला. मी त्याची नोकरी वाचवली असं बागेत सगळे म्हणायला लागले आणि मी ते म्हणू दिलं. बढती मला मिळाली. यादीचा तो कागद मी त्याच संध्याकाळी फाईलमधून काढून घरी आणला.

आता पुढचं. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला माझ्या बायकोचं मोठं ऑपरेशन झालं. कोठी भागातल्या एका दवाखान्यात ती बरेच दिवस होती. आमचं हैदराबादेत जवळचं कुणी उरलं नव्हतं आणि मुलं लहान होती. दुसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद सायकलवरून आला. तो अफझलगंजच्या मागच्या एका गल्लीत राहायचा. हातात पितळी कडीचा डबा.

"भाबी, खिचडी है. सादी," तो दारातूनच म्हणाला. बायकोला सामिषाला शिवलेलं भांडं चालायचं नाही, हे त्याला माहीत होतं. "बर्तन नवा है. मेरी घरवाली सुलतान बाजार से लाई. उसमें और कुच बी नईं पका, नईं पकेगा बी."

जितके दिवस ती तिथं होती, तितके दिवस तो डबा येत राहिला. दिवसभर माती भरून, हात धुऊन, आधी घरी आणि मग कोठीला. बायको त्याला उस्तादभाई म्हणायची. एकदा ती म्हणाली, "उस्तादभाई, या खिचडीबरोबरचं चिंचेचं सार तुमच्या घरच्यासारखं आमच्याकडे का होत नाही हो?"

"तुम्हारे मियाँ इमली पैचानते नईं ना भाबी," तो म्हणाला आणि हसला. तीही हसली. तिला काही ठाऊक नव्हतं. मीही हसलो.

ती बरी झाली आणि त्यानंतर चौदा वर्षं जगली. त्या चौदा वर्षांत त्या नव्या भांड्यातल्या खिचडीचाही वाटा आहे, असं मी मानतो. हे उपकार मी कुणाला सांगितले नाहीत, कारण सांगायला गेलो असतो तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

असे पाच उन्हाळे गेले. सुलतान बाजारात पाट्या रंगवणाऱ्यांची दुकानं एकेक करून बंद झाली. संगणकावर कापलेली चिकटअक्षरं आली, मग मोठमोठे छापील फलक आले. संध्याकाळी त्याला जे थोडं रंगकाम मिळायचं, तेही संपलं. बागेत अजून त्याच्याच पाट्या होत्या, त्याच हिरव्या-पिवळ्या. चुकलेल्या रांगेतल्या पाट्या दुसऱ्याच माणसानं नीट जागी बांधल्या होत्या. पण तारा ढिल्या करायला पाच वर्षांत कुणी फिरलं नव्हतं. ते कुणाचंच काम नव्हतं.

त्याच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. मे महिना. सकाळी सहाला मी बागेत पोचलो तर तो फाटकाशी उभा. खांद्याला झोळी, हातात पक्कड.

"चलो पटेल, तारां ढीली करेंगे."

"आज? और मैं काइकू?"

"मेरेकू तख्ती कू हात लगाना मना है ना. लिखा है फाईल में." हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. "अफसर साथ में रए तो कोई पूछता नईं."

त्या सकाळी माझ्या शर्टाच्या खिशात यादीचा तो कागद होता. योगायोग नव्हता. त्याच्या निवृत्तीच्या चहाला चार शब्द मीच बोलणार होतो, आणि मी ठरवलं होतं की सगळ्यांदेखत तो कागद वाचायचा, साहेबांना द्यायचा आणि फाईलमधला शेरा खोडायला लावायचा. पण आधी त्याला एकट्याला सांगायला हवं होतं. आठवडाभर मी तो कागद घेऊन येत होतो आणि परत नेत होतो. त्या सकाळी वाटलं, आज संधी आपणहून चालत आली.

आम्ही फाटकाजवळच्या चिंचेपासून सुरुवात केली. तो वेढा सोडायचा, तार हलवून बघायचा, दोन बोटं घालून बघायचा आणि पुढे जायचा. पाटीवरची धूळ मी फडक्यानं पुसायचो. काही खोडांत तार रुतली होती. वरून-खालून साल फुगून ओठांसारखी झाली होती आणि मध्ये तार दिसेनाशी. अशा ठिकाणी तो जमिनीवर बसायचा, पक्कडीचं टोक अलगद आत घालायचा आणि साल न सोलता तार सोडवायचा. एका बेहड्यापाशी त्याला पाव तास लागला. मी म्हणालो, "जाने दो उस्ताद, कापून टाकू."

"काटे तो अंदर का टुकडा अंदरीच रै जाता," तो म्हणाला. "थोडा सबर करो. तुमकू घर जाके क्या करना है?"

उन्हं वर येत होती. बागेत तेव्हा नवीनच पांढरे बूट घालून फिरणारी माणसं यायला लागली होती. ती आमच्या बाजूनं झपझप जायची. एक जण थांबला आणि म्हणाला, हे कुठल्या योजनेत चाललंय? उस्ताद म्हणाला, "अमेरिका से आडर आया साब." तो माणूस मान डोलावून गेला, आणि आम्ही दोघं इतके हसलो की मला खोडाला टेकावं लागलं.

मोहाखाली सुकलेली फुलं पडली होती. त्यानं दोन उचलून एक मला दिलं, एक स्वतः चघळलं. करंजाला नवी पालवी होती, कोवळी, चकचकीत. विहिरीकडून ओल्या मातीचा वास येत होता. मुंगसाची एक जोडी वाट ओलांडून गेली. इतकी वर्षं मी या बागेचा अधिकारी होतो, पण तिची अख्खी फेरी अशी एका दमात पायी मी कधी मारली नव्हती. त्या सकाळी मला वाटलं की या माणसानं मला डोळे दिले आहेत आणि त्यांच्यासमोर मी नीट उभाही राहू शकत नाही.

शेवटी विहिरीची रांग आली. बहावा त्याही वर्षी तसाच फुलला होता. पाकळ्यांचा सडा आमच्या चपलांना चिकटत होता. बहाव्याच्या अलीकडे, वाटेच्या कोपऱ्यावर, एक रिकामी जागा होती. गवतात बुंध्याचा खुंट अजून थोडा दिसायचा. उस्ताद तिथं थांबला. त्यानं पायानं गवत बाजूला केलं.

"यां था शिरीष," तो म्हणाला.

मी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"आंधी में गिरा. लकडी मेरे सामने गई. पर तुम्हारे नक्शे में खडा था ना पटेल?" तो हसत होता. चिडवताना हसायचा तसाच, डोळ्यांच्या कडेनं. "मैं उस दिनीच इधर आके गिना. तुमसे बात करको सीधा यइंच आया. बारा नावां, ग्यारा झाडां. गिरे हुए कू गिन लिए तुमे."

त्यानं झोळीत हात घालून एक पाटी काढली. हिरवी जमीन, पिवळी अक्षरं, शिरीषाचं नाव. दुरुस्तीच्या वेळी सगळ्या पाट्या आपापल्या झाडावर गेल्या आणि ही एकटी उरली. स्टोरमध्ये पडली होती, त्यानं जपून ठेवली होती.

"इसका झाड नईं है," तो म्हणाला. "तुमे रखो. अच्छी लिखी गई थी, फेंकने का दिल नईं हुआ."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साहेबांसमोर "हौ" म्हणताना ठाऊक होतं. सायकलवरून खिचडीचा डबा आणताना ठाऊक होतं. आणि आता, आठवड्यानं घरी बसणार असताना, तो माझ्यासाठी वाट करून देत होता. बोलायचं अर्धं काम त्यानंच करून टाकलं होतं. मला फक्त खिशातला कागद काढायचा होता आणि दोन शब्द बोलायचे होते. तो थांबलाही. उगाचच बहाव्याच्या तारेला हात लावून, पक्कड न चालवता, माझ्याकडे पाठ करून थांबला.

माझा हात खिशापर्यंत गेला होता. मग मनात आलं, आज याला सांगितलं तर शुक्रवारी चहाला सगळ्यांसमोर वाचावं लागेल. मी तेव्हा उपसंचालक होतो. माझ्या हाताखाली माणसं होती, त्यांना मी नेमकेपणावर भाषणं द्यायचो.

मी म्हणालो, "ऊन चढलं, उस्ताद. चला."

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडं काहीतरी विझल्यासारखं झालं, एवढंच. मग त्यानं बहाव्याची तार ढिली केली, दोन बोटं घालून बघितली, आणि पुढची दहा झाडंही केली. एकही सोडलं नाही. फाटकाबाहेर ताडाची मुंजळं, म्हणजे आपले ताडगोळे, विकायला बसलेली बाई होती. त्यानं चार घेतली, दोन माझ्या हातावर ठेवली. गार, पाणीदार. "खाओ पटेल," तो म्हणाला, "भोत फिरे तुम आज." आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून ती खाल्ली. मी कागद परत घरी नेला.

शुक्रवारच्या चहाला मी बोललो. त्याच्या हाताचं, स्वभावाचं, झाडांच्या ओळखीचं कौतुक केलं. प्रामाणिक हा शब्द मी तीनदा वापरला. त्याच्या फाईलमधला शेरा तसाच राहिला.

नंतर तो बीदरला मुलीकडे राहायला गेला. जाण्याआधी घरी येऊन भेटून गेला आणि आपली पक्कड मला देऊन गेला. "अब मेरेकू काँ झाडां," म्हणाला. पुढं ईदला आणि दिवाळीला फोन व्हायचे. दर वेळी मी ठरवायचो, या खेपेला बोलू. दर वेळी तो आधी विचारायचा, "तारां ढीली किए क्या?" आणि मी हो म्हणायचो. ते मात्र खरं असायचं. निवृत्त होईपर्यंत आणि निवृत्तीनंतरही, दर मे महिन्यात मी ती पक्कड घेऊन बाग फिरलो आहे. मध्यंतरी त्या पाट्या काढून प्लॅस्टिकच्या छापील लावल्या. त्याही तारेनंच बांधल्या आहेत. गुडघे चालतात तोवर जाईन.

तो गेल्याचं मला महिनाभरानं कळलं. मी बीदरला गेलो. त्याच्या मुलीनं मला बसवलं, पाणी दिलं, आग्रहानं जेवायला घातलं. भाजी-भात होता, माझ्यासाठी वेगळा. मला काय चालतं आणि काय नाही ते तिला विचारावं लागलं नाही, आणि खरं तर मला सगळंच चालतं. नियम माझ्या बायकोचा होता. पण तिच्या आईनं तिला तसं सांगून ठेवलं होतं. बोलता बोलता ती म्हणाली, "अब्बा हमेशा बोलते थे चाचा. तख्तियां बांधने में उनसे गलती हुई थी, पर पटेल साब उनकी नोकरी बचाए."

म्हणजे त्यानं घरातही खरं सांगितलं नव्हतं. मुलीलासुद्धा नाही. माझं नाव त्यानं तिथंही सांभाळलं होतं. ती माझ्याकडे इतक्या आदरानं बघत होती की मी मान खाली घालून भात संपवला. त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. "अब्बांची चूक नव्हती, बेटी," एवढंच. मी निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बसला बसलो.

आता हे लिहितो आहे ते मराठीत. तिला मराठी वाचता येत नाही. माझ्या नातवंडांनाही धड येत नाही. ती इथं वाढलेली मुलं, आजोबा काय लिहितात म्हणून डोकावतात आणि दोन ओळींत कंटाळतात. तरी लिहितो, कारण हे मराठीत तरी मला खोटं न मिसळता लिहिता येतं. धाकट्या नातीला त्यातल्या त्यात वाचता येतं; ती म्हणाली आहे की ही गोष्ट बीदरला न्यायची झाली तर ती वाचून दाखवेल, दख्खनीत करून. बघू.

शिरीषाची पाटी माझ्या टेबलावर आहे. यादीचा कागद तिच्याखाली दाबून ठेवला आहे. आणि त्या सकाळी बहाव्याखाली, तो माझ्याकडे पाठ करून उभा असताना जे म्हणायचं होतं, ते त्याच्याच भाषेत, जसं तेव्हा मनात तयार होतं तसं, इथं लिहितो:

उस्ताद, इधर देखो. गिनती तुम्हारी नईं चुकी, मेरी चुकी. गिरे हुए झाड कू मैं खडा लिखा, और साब के सामने तुमकू गिरा दिया. मेरेकू माफ करो.